उपग्रहाला सगळं दिसत नाही

‘उपग्रहाला सगळं दिसतं’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. नाही दिसत. ढग दिसतात, पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान कळतं, वाऱ्याचा अंदाज येतो. पण समुद्रावरच्या हवेचा दाब उपग्रहाला थेट मोजता येत नाही. आणि तो दाब नीट माहीत नसेल, तर तुमच्या फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपचा पायाच कच्चा.

भर समुद्रात हे काम करतो एक तरंगता बोया. फुटबॉलपेक्षा मोठा प्लास्टिकचा गोळा. त्याच्याखाली 15 मीटर खोलीवर भोकं पाडलेली लांब कापडी नळी लोंबते, म्हणून तो वाऱ्यापेक्षा पाण्याच्या प्रवाहासोबत वाहतो. आपली जागा, पाण्याचं तापमान आणि अनेकदा हवेचा दाब कळवत राहतो. उपग्रह इथे फक्त पोस्टमन! जगभर असे 1,250 बोये एकाच वेळी तरंगते ठेवायचं उद्दिष्ट 2005 साली गाठलं गेलं. म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात एक. माहिती सगळ्या देशांच्या हवामान खात्यांना फुकट.

फुकट म्हणजे दुसरं कुणीतरी पैसे भरतंय. यातला बराचसा भार अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था उचलते. 2025मध्ये तिथल्या सरकारने नोआचा संशोधन विभागच गुंडाळायचा प्रस्ताव मांडला. बोयांचं काम बघणारी मायामीची प्रयोगशाळा त्याच विभागातली. दुसरीकडे खासगी कंपन्या स्वतःचे बोये सोडून त्यांची माहिती विकताहेत. सरकारांनी हात काढून घेतला, तर समुद्राची खबर विकत घ्यावी लागेल. मोठी जहाज कंपनी घेईल. होडीवाल्या मच्छीमाराने काय करायचं?

मग आपण काय करतोय? 2021 साली केंद्राने ‘डीप ओशन मिशन’साठी 4,077 कोटी मंजूर केले. त्यात हवामानसेवेचाही भाग आहे, पण गाजावाजा होतो तो तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेणाऱ्या पाणबुडीचा. पाणबुडी जरूर न्या. पण चेन्नईच्या ‘एनआयओटी’ने ‘प्रद्यु’ नावाचा स्वदेशी तरंगता बोया बनवलाय, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपल्या समुद्रात मान्सूनबरोबर प्रवाहच दिशा बदलतात. इथले बोये वाहून जातात, किनाऱ्याला लागतात. म्हणजे पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. हे काम मायामीने करावं अशी अपेक्षा कशी ठेवायची?

‘बॅटरी संपली की बोया समुद्रातला कचराच ना?’ असं कुणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. त्यावर कमी प्लास्टिकचे, जास्त टिकणारे बोये बनवा. मोजणंच बंद करणं हे त्याचं उत्तर नव्हे.

माझी मागणी साधी आहे. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात भारताने दरवर्षी स्वतःचे बोये सोडावेत, किती सोडले ते जाहीर करावं आणि त्यांची माहिती सगळ्यांना खुली ठेवावी. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या बोयांवर अंदाज बांधले. आता आपली वर्गणी भरू या.