स्टँडबाय स्विचची दंतकथा

१/ गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्पसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला पहिला मंत्र दिला जातो तो असा : आधी ‘पॉवर’, मग मिनिटभर थांबणे, आणि त्यानंतरच ‘स्टँडबाय’. बंद करताना नेमका उलटा क्रम. क्रम चुकल्यास व्हॉल्व्ह निकामी होतील, ही धमकी सोबत असतेच. मित्रहो, माझे स्पष्ट मत असे की हा विधी बव्हंशी दंतकथा आहे. आणि त्या दंतकथेने एका खऱ्या धोक्यावरून आपले लक्ष उडवले आहे. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ मी हा मंत्र प्रथम ऐकला तो पुण्यातल्या एका तालमीच्या खोलीत. मी दोन्ही स्विच एकदमच वर केले आणि खोलीतले ज्येष्ठ वादक, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, ते गरजले, “अरे, काय केलंस हे!” ॲम्पला काहीही झाले नव्हते. “पण दादा, का नाही करायचं?” या प्रश्नावर उत्तर मिळाले, “कॅथोड सोलून निघतो.” हे त्यांना कोणी सांगितले, तर त्यांच्या गुरूंनी. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कान टवकारले जावेत असेच हे उत्तर होते.

३/ आधी यंत्र पाहू. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ली द फॉरेस्ट यांनी त्यात जाळीचे तिसरे अग्र घातले. तत्त्व तेच राहिले : निर्वात काचनळीत हीटर कॅथोडला तापवतो, तप्त कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि उच्च दाबाच्या प्लेटकडे धावतात. गिटार ॲम्पमध्ये हा दाब साधारण ३०० ते ५०० व्होल्ट असतो. कॅथोड तापायला काही सेकंद, कधी अर्धे मिनिट लागते. तो तापण्यापूर्वीच प्लेटला दाब मिळाला तर कॅथोडवरचा ऑक्साइडचा लेप ओढला जातो, अशी समजूत. तिचे नाव ‘कॅथोड स्ट्रिपिंग’.

४/ ही समजूत हवेतून आलेली नाही. रेडिओ प्रक्षेपण केंद्रांतल्या अजस्र व्हॉल्व्हना हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि तिथे आधी हीटर, मग दाब, हा क्रम पाळणे खरोखर आवश्यक होते. काही शे व्होल्टच्या छोट्या व्हॉल्व्हमधले विद्युत्क्षेत्र मात्र लेप उखडण्याइतके बलवान नसते. हत्तीचे औषध मांजराला लागू केले गेले, इतकेच.

५/ याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यात होता. व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. बटण खट्‌कन फिरवले की डायलमागचा दिवा लागे, काही क्षण शांतता, मग हलकी घरघर आणि मग दुरून चालत आल्यासारखा निवेदकाचा आवाज. बटण एकच. स्टँडबाय नावाचा दुसरा स्विच त्या पेटीवर कोणी पाहिला आहे काय? जगभर असे कोट्यवधी रेडिओ आणि पुढे व्हॉल्व्हचे दूरचित्रवाणी संच रोज याच पद्धतीने चालू-बंद होत राहिले आणि वर्षानुवर्षे चालले. कागदपत्रांत न सापडणारा पुरावा असा वापरात सापडतो. नव्या अभ्यासकांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

६/ मग व्हॉल्व्हला खरोखर इजा होते कशाने? याचे उत्तर संगीताने नव्हे, गणकयंत्रांनी दिले. थंड हीटरचा रोध अत्यल्प असतो. त्यामुळे बटण दाबताक्षणी त्यातून मोठा प्रवाह उसळतो आणि तापण्या-निवण्याच्या ताणाने तार थकते. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांना टेलिफोन यंत्रणेच्या अनुभवावरून हे ठाऊक होते : व्हॉल्व्ह सतत चालू ठेवले तर ते विश्वासार्ह असतात. इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणारच नाहीत, असे अनेक जाणते म्हणत असताना त्यांनी सुमारे १,६०० व्हॉल्व्हचा ‘कलॉसस’ उभा केला, आणि १९४४ च्या आरंभी तो ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांच्या उकलीसाठी कामाला लागला. सुमारे १८,००० व्हॉल्व्हच्या अमेरिकन ‘एनियाक’चा अनुभवही तोच : बिघाड मुख्यतः यंत्र तापताना आणि निवताना होत. (आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. त्याच्यावर स्वतंत्र थ्रेड लिहायचा आहे.)

७/ याच गणकयंत्रांनी आणखी एक रोग उजेडात आणला. कॅथोड तप्त, पण त्यातून प्रवाह मात्र नाही, अशा अवस्थेत व्हॉल्व्ह दीर्घकाळ राहिला तर लेप आणि त्याखालचे निकेल यांच्यामध्ये रोधक थर साचतो आणि व्हॉल्व्ह मंदावतो. आता स्टँडबायची व्याख्या करा : हीटर चालू, प्लेटचा दाब बंद. म्हणजे व्हॉल्व्ह ‘जपण्यासाठी’ तासन्‌तास स्टँडबायवर ठेवणारा वादक नेमका हाच रोग पोसत असतो!

८/ तर मग हा स्विच आला कुठून? कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांचे मूळचे दुकान रेडिओ दुरुस्तीचे. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या मोठ्या ॲम्पवर स्टँडबाय दिसू लागला. माझ्या मते त्याचा खरा उपयोग साधा होता : मध्यंतरात ॲम्प मुका करणे. पुढे १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान चालवणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी फेंडरच्या ‘बेसमन’चा ५एफ६-ए हा आराखडा जवळजवळ जसाच्या तसा उचलून ‘जेटीएम ४५’ बनवला. सोबत स्विचही उचलला गेला. मार्शलवर आहे म्हणून इतरांनी ठेवला; सर्वांवर आहे म्हणून तो आवश्यक ठरला.

९/ गंमत पाहा. ५एफ६-ए मध्ये दाब पुरवणारा जीझेड३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह स्वतःच सावकाश तापतो. म्हणजे प्लेटला दाब उशिरा मिळण्याची सोय त्यात अंगचीच आहे. उलट, स्विच रेक्टिफायरच्या पुढे आणि कपॅसिटरच्या मागे असेल, तर तो टाकताच तापलेल्या रेक्टिफायरला रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरावे लागतात. ज्याला जपायचे, त्यालाच धक्का!

१०/ विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. सिलिकॉन डायोडच्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह तापेपर्यंत दाब नेहमीपेक्षा वर चढतो. कपॅसिटर जुने वा कमी क्षमतेचे असतील तर त्यांना तो जाचतो. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय योग्य कपॅसिटर बसवणे हा आहे.

११/ आता त्या खऱ्या धोक्याकडे. १९७२ मध्ये स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’चे गिटारवादक लेस हार्वी यांनी मंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला आणि विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला. १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना तसेच गेले. जुन्या अमेरिकन ॲम्पना दोन पिनांची वायर असे आणि घरघर कमी करण्यासाठी मुख्य वीजवाहिनी व धातूची चौकट यांच्यामध्ये एक कपॅसिटर जोडलेला असे. तो आतून फुटला तर चौकटीत, आणि चौकटीतून गिटारच्या तारांत, थेट घरची वीज येते. कारागीर त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

१२/ म्हणून माझा क्रम असा. आधी तीन पिनांची वायर आणि अर्थिंग तपासा. मग स्पीकर जोडला आहे याची खात्री करा, कारण स्पीकरविना वाजवलेल्या ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आवाज शून्यावर आणा, पॉवर द्या, अर्धे-एक मिनिट थांबा, वाजवा. स्टँडबाय आधी टाकला की नंतर, याची चिंता नको. दहा मिनिटांच्या चहासाठी स्टँडबाय ठीक. तासाभराच्या जेवणासाठी पॉवरच बंद करा. बंद करताना स्टँडबाय वाजवण्याच्या स्थितीतच राहू द्या, म्हणजे कपॅसिटरमधला साठा तप्त व्हॉल्व्हमधून ओसरून जातो. तरीही ॲम्प स्वतः उघडू नका. बंद यंत्रातही शेकडो व्होल्ट दबा धरून असू शकतात. आणि व्हॉल्व्ह निवेपर्यंत ॲम्प हलवू नका.

१३/ त्या तालमीच्या खोलीतल्या ॲम्पविषयी एक सांगायचे राहिले. गाताना ओठ माईकला टेकले की बारीक झिणझिण्या येत. आम्ही त्यावर विनोद करत असू. स्टँडबायचा क्रम दादा रोज डोळ्यांत तेल घालून पाहत. मागची वायर दोन पिनांची आहे, हे मात्र वर्षभरानंतर एका कारागिराने दाखवले. त्याने वायर बदलली, तो कपॅसिटर कापून काढला, आणि झिणझिण्या त्या दिवसापासून थांबल्या.