मुलींची तालीम विद्यापीठानेच काढावी

कोल्हापूरचा फुटबॉल पेठापेठांतल्या तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे तिथे पोरासोरांना पाठ आहेत. पोरगा तालमीत जातो, थोरल्यांकडून शिकतो आणि राजर्षी शाहूंच्या नावाच्या मैदानावर उतरतो. पण तालमीचा उंबरा मुलींसाठी बांधलेला नव्हता. म्हणूनच विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे मोल आम्हाला वेगळे वाटते. जिला तालीम नाही, क्लब नाही, तिची तालीम कॉलेज आणि तिचा क्लब विद्यापीठच.

२००४ पर्यंत सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट कोल्हापुरातून जात होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ झाले, २०१९ साली त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ कशाला, म्हणून नाके मुरडणारे तेव्हा कमी नव्हते. त्यांना आम्ही सांगू इच्छितो, की करमाळ्याच्या किंवा अक्कलकोटच्या मुलीला पश्चिम विभागीय स्पर्धेचे दार आपल्याच जिल्ह्यातून उघडले, ते या 'लहान' विद्यापीठामुळेच.

पण दार उघडले म्हणजे घर मिळाले असे नव्हे. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन सामने, निवड चाचणी, चार दिवसांचे शिबिर आणि रेल्वेचा प्रवास. हरला की संघ मोडला. पुढच्या वर्षी नव्या मुली, पुन्हा पहिल्यापासून. मणिपूरच्या महिलांनी राष्ट्रीय अजिंक्यपद २० हून अधिक वेळा जिंकले, ते चार दिवसांच्या शिबिरांवर नाही. तिथे मुलगी लहानपणापासून गावच्या क्लबात खेळते.

सोलापुरात हे कोणी करायचे? विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत कुंभारीला, शहराच्या एका टोकाला. विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर, दुसऱ्या टोकाला. आई दिवसभर विड्या वळते, मुलगी घरकाम उरकून कॉलेजला जाते. तिने संध्याकाळी केगावच्या मैदानावर सराव करून अंधारात परत यायचे कसे? बसचा आणि खाण्याचा खर्च कोणी द्यायचा? गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून ओरडणारे या प्रश्नावर नेमके गप्प असतात.

मुलींना हा खेळ शोभत नाही, असे म्हणणारे अजून आहेतच. १९२० साली लिव्हरपूलला महिलांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांचा नव्हे म्हणून त्यांना आपल्या मैदानांवरून हाकलले. बंदी उठायला सुमारे ५० वर्षे गेली. मनू काही फक्त आपल्याकडेच जन्मलेला नाही!

हा केवळ हौसेचा मामला नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते कागदावर सगळ्यांचे. पण ज्याला मैदान मिळाले, स्पर्धा मिळाली, पदक मिळाले त्याच्याच हाती पडते. मैदानावरून हटवलेली मुलगी नोकरीच्या रांगेतूनही हटते. चळवळीने या ५ टक्क्यांकडे म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही.

नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला. त्यावर २०२२ साली 'झुंड' काढणारा नागराज मंजुळे याच सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा. पडद्यावरच्या पोरांना आपण शिट्ट्या वाजवल्या. आता विद्यापीठाच्या अधिसभेतल्या आपल्या सदस्यांनी तोंड उघडावे: महिला फुटबॉलचा बारमाही क्लब, शहरातच सरावाचे मैदान, एक पगारी महिला प्रशिक्षक, खेळाडूंना बसभाडे आणि आहारभत्ता, आणि शिक्षण संपलेल्या खेळाडूंनाही क्लबात जागा. अर्थसंकल्पाच्या बैठकीत या खर्चाचे स्वतंत्र शीर्ष मागावे. ते नाकारले गेले, तर कोणी आणि कोणत्या कारणाने नाकारले हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.