आगाऊ नोंदणी आणि फुरसतीचा हक्क

कोकणच्या किनाऱ्यावर सहकुटुंब चार दिवस घालवायचे तर आता केवळ गाठीला पैसा असून भागत नाही. तो आधी भरावा लागतो. तारकर्ली किंवा गणपतीपुळे येथील पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांतील खोल्या दिवाळी व मे महिन्यासाठी कितीतरी आधी भरून जातात. खोलीपाठोपाठ करमणुकीचीही नोंदणी होते. स्कूबा डायव्हिंग, पॅरासेलिंग, डॉल्फिन पाहण्याची फेरी या प्रत्येकाची वेळ ठरते आणि दर माणशी रक्कम घेतली जाते. पाच माणसांच्या कुटुंबाला समुद्र दिसण्यापूर्वीच मोठा खर्च करावा लागतो. ही पद्धत सोयीची आहे व शिस्तीचीही आहे. मात्र ती कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न समाजवादी चळवळीने विचारला पाहिजे.

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याच्या इस्लापूर गावावरून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. पावसाळ्यात पैनगंगेवरील सहस्रकुंडचा धबधबा पाहण्यासाठी या परिसरात दूरदूरचे लोक येतात. परंतु इस्लापूरच्या शेतमजुराने सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेला समुद्र पाहायचा कधी? दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी संपत असते आणि कापसाची वेचणी सुरू होते. मे महिन्यात जंगलपट्ट्यातील कुटुंबे तेंदूपाने गोळा करण्यात गुंतलेली असतात. म्हणजे पर्यटनाचे दोन्ही हंगाम हे त्याच्या मजुरीचेच हंगाम होत. उरलेल्या महिन्यांत हाताला काम नसते, तेव्हा खिशात पैसाही नसतो. काम नसणे म्हणजे सुटी नव्हे. सुटीच्या दिवशी चूल पेटण्याची हमी असते. बेकारीच्या दिवशी ती नसते.

आगाऊ नोंदणी करणारा माणूस दोन महिन्यांनंतरच्या एका तारखेवर आपले नाव लिहीत असतो. त्या दिवशी आपल्याला रजा मिळेल, रजेचा पगार कापला जाणार नाही आणि परतल्यावर नोकरी जागेवर असेल, याची त्याला खात्री असते. गावातील शिक्षकाला वा बँक कर्मचाऱ्याला ही खात्री आहे आणि ती त्याने संघटित होऊन मिळवलेली आहे. तिच्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याला उद्याचे काम आज संध्याकाळी कळते, त्याला मात्र दोन महिन्यांनंतरची तारीख कोणी दिली तरी उपयोग नाही. त्याची वंचना पैशाची आहे तशीच ती काळाचीही आहे.

रोजी, रेशन आणि पाणी यांचे प्रश्न उभे असताना समुद्रावरच्या सहलीची चर्चा कशाला, असा आक्षेप आपल्यातीलच काही कार्यकर्ते घेतील. कामगार चळवळीचा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली, तेव्हा कामगारांची मजुरी तुटपुंजीच होती. तरीही तो लढा झाला आणि १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मान्य झाली. फ्रान्समध्ये १९३६ साली लेआँ ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि त्याच वर्षी रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सवलत दिली. त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. केवळ रजा देऊन ते सरकार थांबले नाही. रजेच्या जोडीला प्रवासाचे साधन दिले, हे त्यातले मर्म आहे.

भारतीय संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात फुरसतीचा पुरेपूर उपभोग घेता येईल अशा कामाच्या परिस्थितीचे अभिवचन आहे आणि त्यात शेतीकामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्यक्षात १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यालाच वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देऊ केली. २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. तथापि आज या बांधावर तर उद्या त्या बांधावर राबणाऱ्या मजुराचे दिवस मोजणार कोण आणि रजेचा पगार देणार कोण?

किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्याचीही बाजू लक्षात घ्यावी लागेल. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे बोटीवर काम करणाऱ्याला काही महिन्यांतच वर्षाची कमाई करावी लागते. अशा घाईत सुरक्षिततेचा बळी जाण्याचा धोका असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांना प्राण गमवावे लागले, हे विसरता कामा नये. आगाऊ नोंदणीमुळे बोटीत किती माणसे बसणार हे आधीच कळते. ती नोंद केवळ पैसे जमा करण्यासाठी न वापरता क्षमतेचे बंधन पाळण्यासाठी वापरली गेली पाहिजे.

मार्ग अगदीच नाहीत असे नाही. राज्य परिवहन महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना १९८८ पासून आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत आहे. म्हणजे अर्धी वाट सार्वजनिक व्यवस्थेने बांधलेली आहे. उरलेल्या वाटेसाठी मागणी केली पाहिजे ती अशी: पर्यटन महामंडळाच्या निवासांतील काही खोल्या प्रत्येक हंगामात असंघटित कामगारांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात, त्यांची नोंदणी एस.टी. स्थानकावर व ग्रामपंचायतीत, हप्त्याने, गावाच्या नावे एकत्रितपणे करता यावी. मजुरीच्या कामामुळे बेत रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत मिळावी. आणि शेतमजुरांच्या पगारी रजेसाठी सरकार व मालक यांच्या वर्गणीतून निधी उभारावा.

किनवट, हिमायतनगर, माहूर या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी मजुरीच्या दराच्या मागणीबरोबरच रजेची ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत मांडावी. शेतमजुराच्या मुलांना समुद्र पाठ्यपुस्तकातील चित्रातच भेटावा, असा कोणताही निसर्गनियम नाही. तो समाजव्यवस्थेचा नियम आहे, आणि म्हणूनच तो बदलता येतो.