पट्टी लहान, जोखीम मोठी

व्यापारी घरात मोटार ही तराजूइतकीच कामाची वस्तू असते. ओतूरच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की आळेफाटा, नारायणगाव, जुन्नर या फेऱ्या नित्याच्या होतात. कल्याणकडे वसुलीला किंवा नातेवाइकांकडे जायचे तर माळशेज घाट ठरलेलाच. याच मोटारीवर घरातील तरुण पिढीची हौसही असते. या हौसेतून अलीकडे होणारा एक खर्च म्हणजे इंजिनाकडे हवा नेणारी यंत्रणा, म्हणजेच एअर इनटेक, बदलून घेणे. कंपनीने बसवलेली बंद पेटी काढली जाते आणि तिच्या जागी रुंद नळी व शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर येतो. गाडी ‘मोकळा श्वास’ घेईल, ही त्यामागची अपेक्षा.

हे काम करताना बहुधा एक वस्तू बळी पडते. समोरची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये प्लॅस्टिकची एक काळी पट्टी असते. तिला एअर डिफ्लेक्टर म्हणतात. नव्या नळीला वाट देण्यासाठी ती कापली जाते, किंवा बंपर उतरवताना तिचे कान तुटतात. गाडी तशीही सुरू होते, म्हणून ‘पट्टीवाचून काही अडत नाही’ असा निर्वाळा मिळतो आणि ती गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहते.

अडते कुठे, ते पाहू. हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या बारीक पात्यांतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणे तिला सोपे पडते. ही फट बंद करून हवेला रेडिएटरमधूनच जायला लावणे, हे त्या पट्टीचे काम. मोकळ्या रस्त्यावर वेगामुळे पुरेशी हवा मिळते, त्यामुळे उणीव जाणवत नाही. मात्र माळशेजच्या चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाच माणसे, सामान आणि एसी सुरू असताना सगळा भार पंख्यावर येतो. पट्टी नसेल तर रेडिएटरमागची तापलेली हवाच बाजूने फिरून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ओढत राहतो. तापमानाचा काटा चढू लागतो. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत गाडी तासभर रांगेत अडकली, तरी हाच प्रकार होऊ शकतो.

दुसरी गोष्ट ज्या बदलासाठी पट्टी गेली, त्या बदलाचीच. पंधराशे सीसीचे साधे पेट्रोल इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर पूर्ण भाराने चालताना सुमारे सव्वादोन हजार लिटर हवा ओढते. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. येथे आकारमानापेक्षा वजन महत्त्वाचे, आणि तापलेली हवा वजनाने हलकी असते. बाहेरची ३० अंशांची हवा बोनेटखाली ६० अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के कमी हवा मावते. म्हणजे पट्टी गेली, फिल्टर उघडा पडला आणि इंजिन गरम हवा ओढू लागले, तर ज्या वाढीसाठी पैसे दिले तीच बोनेटखाली विरून जाते. आवाज तेवढा मोठा होतो.

येथवर यंत्राची बाजू झाली, आता जमाखर्चाची. पट्टी तुटली की घरात एक सूचना हमखास येते, ‘विम्यातून करून घेऊ, दगड लागला म्हणून सांगू.’ या सूचनेचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. उदाहरणादाखल पट्टीची किंमत १,८०० रुपये आणि मजुरी ७०० रुपये धरू. साध्या सर्वसमावेशक विम्यात रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे पट्टीचे ९०० रुपये आणि मजुरीचे ७०० मिळून १,६०० रुपये. पंधराशे सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते. हाती उरतात ६०० रुपये. सलग तिसरे वर्ष दाव्याविना पुरे होत असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ३५ टक्के सूट मिळायची असते. तो हप्ता १०,००० रुपये असेल, तर ही ३,५०० रुपयांची सूट एका दाव्याने शून्यावर येते आणि पुढील वर्षी पुन्हा २० टक्क्यांच्या पहिल्या पायरीपासून चढावे लागते. सहाशे रुपयांसाठी साडेतीन हजार घालवणे कोणत्याही चोपडीत नफ्याच्या बाजूला बसत नाही.

हा झाला रकमेचा भाग. मूळ प्रश्न त्याहून गंभीर आहे. स्वतः करून घेतलेल्या कामात तुटलेला भाग अपघातात तुटला असे लिहून देणे म्हणजे खोटी नोंद. विम्याचा करार परम विश्वासाच्या तत्त्वावर उभा असतो. ज्या पेढीचा शब्द बाजारात पावतीइतका चालतो, त्या पेढीच्या मालकाची सही सहाशे रुपयांसाठी अशा अर्जाखाली असू नये.

त्यातच साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि परिणामस्वरूप होणारे नुकसान वगळलेले असते. पट्टीअभावी इंजिन तापले, हेड गॅस्केट गेले, तर ते बिल घरच्यांनाच भरावे लागते. नव्या नळीचे तोंड खाली असेल आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून ती पाणी ओढून घेत असेल, तर धोका आणखी वाढतो. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. इंजिनातील दांडे वाकतात. पाण्यात गाडी बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये, हे घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक असावे.

कायद्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ स्वरूपात मनाजोगता फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ पेटीत त्याच मापाचा फिल्टर बसवणे ही देखभाल आहे. पेटीच काढून टाकणे किंवा पुढील भाग कापणे, याबाबत आधी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि केलेला बदल विमा कंपनीस लेखी कळवावा.

तुटलेल्या पट्टीचे काय करावे? ती स्वखर्चाने आणि मूळ मापाचीच घ्यावी. दिसायला सारख्या दोन गाड्यांची पट्टी वेगळी असू शकते. म्हणून दुकानात चॅसिस क्रमांक सांगून भाग मागवावा. सोबत प्लॅस्टिकच्या नव्या क्लिपा घ्याव्यात, कारण जुन्या एकदा उपटल्या की घट्ट बसत नाहीत. काम इंजिन थंड असताना करावे. तारेने बांधलेली किंवा डब्याच्या पत्र्याची पट्टी लावू नये. तार रेडिएटरला घासते आणि सुटलेला पत्रा पंख्यात जाऊ शकतो. पट्टी बसल्यावर एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटे उभी चालू ठेवावी व काट्यावर नजर ठेवावी. नवा इनटेक आणि मूळ पट्टी एकत्र बसतच नसतील, तर पट्टी न कापता इनटेक परत करावा. काढलेली मूळ पेटी भंगारात न देता जपून ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

तरुणांच्या हौसेला घरातून सरसकट नकार असावा असे नाही. खर्च मांडताना मात्र नव्या वस्तूच्या किमतीबरोबर तिच्यासाठी काय काढले, काय कापले आणि कोणते संरक्षण गमावले, हेही त्याच पानावर लिहावे. ती बेरीज वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी करावी.