मी रोजेदार आहे

रमजान हा पुन्हा वाचण्याचा महिना आहे. तरावीहच्या नमाजीत कुरआनचे 30 पारे महिनाभरात ऐकले जातात. ज्यांनी ते दरवर्षी ऐकले आहेत, तेही पुन्हा रांगेत उभे राहतात. मजकूर तोच असतो. ऐकणारा मात्र वर्षभराने बदललेला असतो.

यंदा फज्रच्या नमाजीनंतर, कुरकुंभ एमआयडीसीतली पहिली पाळी सुरू होण्याआधीच्या शांत वेळात, मी आणखी एक ग्रंथ पुन्हा वाचायला घेतला. तो म्हणजे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’. फोनवर मामीला सांगितलं, तर ती म्हणाली, “रमजान में ओव्यां कायकू पढ रई गे तू?” कॉलेजात नव्याने आलेली मुलं दरवर्षी उलट बाजूने विचारतात, “मॅडम, तुम्ही मुस्लिम, मग मराठी कसं काय शिकवता?” दोघांच्याही मनात वाईट काही नसतं. पण दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: माणसाला घर एकच असतं आणि त्याचं दारही एकच.

दौंडला भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो. शेख महंमद तिथले. परंपरा सांगते की दौलताबादचे चांद बोधले हे त्यांचे गुरू. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे शेख महंमदांना गुरू मानत, असंही परंपरा सांगते. ‘योगसंग्राम’ शके 1567 मध्ये, म्हणजे 1645 साली पूर्ण झाला. त्याचे 18 प्रसंग आहेत.

एम.ए.ला असताना मी तो पहिल्यांदा वाचला, तो वकिलासारखा. मला पुरावा हवा होता. आम्हीही इथलेच आहोत आणि मराठीत आमचाही वाटा आहे, हे कुणाच्या तरी तोंडावर टाकता येईल अशा ओव्या मी शोधत होते. त्यांच्याखाली मी मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. या वेळी त्या रेघा पाहून थोडं ओशाळायला झालं. कारण हा ग्रंथ पुरावा द्यायला बसलेलाच नाही. त्यातलं युद्ध परक्याशी नाही, आपल्याच मनाशी आणि त्यातल्या ‘मी’शी आहे. सूफी त्या ‘मी’ला नफ्स म्हणतात, वारकरी अहंकार म्हणतात. शेख महंमदांनी हे युद्ध मराठी ओवीत लढवलं आणि दांभिकपणावर बोलताना हिंदू-मुसलमान दोघांनाही सोडलं नाही.

एका शब्दापाशी मात्र मी दोन्ही वेळा थांबले. ते स्वतःला ‘अविंध’ म्हणतात. अविंध म्हणजे कान न टोचलेला. मुसलमानांसाठी त्या काळी इतरांनी वापरलेला शब्द. विशीत मला तो टोचला होता. आता वाटतं, त्यांनी तो लपवला नाही आणि त्याचा झेंडाही केला नाही. लोक मला असं म्हणतात, बरं, मी तोच. आता कामाचं बोलू, असा काहीसा तो सूर आहे.

‘माणूस हीच खरी ओळख, बाकी सगळं खोटं’ हे वाक्य ऐकायला छान आहे. पण भाड्याने खोली शोधणाऱ्या माणसाला नाव घरी ठेवून जाता येत नाही. शेख महंमदांनीही नाव टाकून दिलं नाही. ओव्यांत ते जागोजागी स्वतःचं नाव घेतात. सोडायचं असतं ते नाव नव्हे, तर नावामागे उभा राहून गुरगुरणारा ‘मी’.

तो सोडणं किती अवघड आहे, हे श्रीगोंद्यातच दिसतं. त्यांच्या स्थळाला दर्गा म्हणायचं की समाधिमंदिर, यावर अलीकडे वाद झाला. जे आयुष्यभर ‘मी’शी झुंजले, त्यांच्याच उंबऱ्यावर ‘आमचे की तुमचे’ असा प्रश्न उभा आहे. माझ्या पेन्सिलीच्या रेघाही त्याच वादाच्या होत्या, हे मला आता कळतं.

पैगंबरसाहेबांची एक शिकवण रोजेदारांना ठाऊक असते. रोजात कुणी भांडण उकरून काढलं, तर ‘मी रोजेदार आहे’ एवढंच म्हणावं. हीसुद्धा ओळखच सांगणं आहे. पण ती समोरच्याला दबवण्यासाठी नाही, आपल्या जिभेला आवर घालण्यासाठी आहे. ओळखीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी नवी मुलं तोच प्रश्न विचारतील. आजवर मी थोडी तुटकच बोलत आले. आता म्हणेन, “बसा. नदीपलीकडे एक गाव आहे, तिथली गोष्ट सांगते.” मामीलाही हीच गोष्ट सांगायची आहे; ती मात्र इफ्तारनंतर, चहा पिता पिता.