चेंडूला लागलेला परका हात
अमेरिकेतील बेसबॉलचा प्रेक्षक मैदानाच्या कठड्याला लगटून बसलेला असतो आणि उडालेला चेंडू झेलून घरी न्यावा, ही त्याची पिढ्यान् पिढ्यांची हौस असते. तेव्हा खेळात असलेल्या चेंडूला बाहेरच्याचा हात लागला तर काय, हा प्रश्न नियमकर्त्यांना टाळता येण्यासारखा नव्हता. त्यांनी दिलेले उत्तर मननीय आहे.

मैदानावर राहण्याची अनुज्ञा असलेला छायाचित्रकार किंवा पोलीस अनवधानाने मध्ये आला, तर खेळ चालूच राहतो. त्याने चेंडू हेतुपुरस्सर अडविला, तर खेळ तत्क्षणी थांबतो. प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र हेतूची चौकशीच नाही. त्याने मैदानाच्या हद्दीत हात घालून खेळाडूला अडथळा केला, की चेंडू मृत. त्या कृत्याचा परिणाम पुसून टाकील असा निर्णय पंचाने द्यावयाचा. झेल उघडपणे हुकविला गेला असेल, तर फलंदाज बाद. उलट, क्षेत्ररक्षकानेच प्रेक्षकांत हात घातला, तर ती जोखीम त्याची. थोडक्यात, नियम अपराधी शोधीत नाही. बिघडलेला खेळ सावरतो.

अर्थात सारा भार पंचाच्या दृष्टीवर पडतो. ९ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये डेरेक जीटरचा फटका बारा वर्षांच्या एका मुलाने कठड्यावरून ओढून घेतला. पंच रिच गार्सिया यांनी होमरन दिली, बरोबरी झाली आणि बाल्टिमोरचा संघ अकराव्या डावात हरला. चित्रफीत पाहिल्यावर गार्सियांनी हस्तक्षेप मान्य केला. पण तेव्हा निर्णय फिरविण्याची सोय नव्हती. होमरनच्या निर्णयांसाठी ती २००८ मध्ये आली. उशिरा आली, पण योग्यच झाले.

परंतु पंचाची चूक सुधारता येते, जमावाची नाही. १४ ऑक्टोबर २००३ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर मोइझेस आलू झेपावला असता एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला. चेंडू कठड्यापलीकडे आलेला असल्याने हस्तक्षेप नाही, असा पंचांनी निर्णय दिला. त्यानंतर त्याच डावात फ्लोरिडा मार्लिन्सने आठ धावा काढल्या. शिकागोच्या क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला, गोलंदाजी ढासळली, आणि दुसऱ्या दिवशीचा सामनाही संघाने गमावला. तरीही खापर फुटले ते नियमाने निर्दोष ठरविलेल्या त्या एका माणसाच्या माथी. त्याला पहाऱ्यात मैदानाबाहेर न्यावे लागले आणि पुढे त्याने लोकांसमोर येणेच सोडले. २०१६ मध्ये शिकागो जगज्जेता झाल्यावर २०१७ मध्ये संघाने त्याला सन्मानाची अंगठी दिली; चौदा वर्षे मात्र परत देता येत नाहीत.

याउलट २०२४ च्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्कच्या दोन प्रेक्षकांनी मूकी बेट्सच्या हातमोज्यातून चेंडू हिसकावला. तेथे हेतू उघड होता. फलंदाज बाद ठरला, त्या दोघांना बाहेर काढले गेले आणि खेळ पुढे सुरू झाला. कृत्याएवढीच शिक्षा, हे न्यायाचे पहिले लक्षण. बेसबॉलच्या नियमाला ते उमगले आहे. पराभवाचे ओझे टाकण्यासाठी एकटा खांदा शोधणाऱ्या जमावाला ते अजून उमगावयाचे आहे.