भंगाराची वकिली

खाणीतले जुने अजस्र ट्रक जपून ठेवणे म्हणजे धरणीची चाळण करणाऱ्यांची आरती ओवाळणे, असा निवाडा एका व्यासंगी लेखकांनी नुकताच देऊन टाकला. निमित्त होते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्पारवुड गावी उभ्या असलेल्या ‘टायटन’ ट्रकचे. पण जाता जाता त्यांनी चंद्रपूरलाही बोट लावले आणि हे खूळ आपल्या कोळसापट्ट्यात शिरू देऊ नये, असे बजावले. त्याच पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून संताप येणारच. मला आला, म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. वारसा म्हणजे किल्ले, लेणी, देवळे; पन्नास वर्षांचा ट्रक त्यात बसत नाही. असे धूड जागा अडवते, रंगरंगोटीला पैसा खाते, त्यापेक्षा लोखंड विकून मोकळे व्हावे. आज छायाचित्रे आहेत, आराखडे आहेत, संगणकावर हुबेहूब प्रतिकृती करता येते, मग मूळ वस्तू हवी कशाला? टायटनचे तर इंजिनही चालत नाही, म्हणजे ते नुसते टरफल. आणि शेवटचा आक्षेप, ज्याच्यासाठी आधीचे चार मांडले असावेत असे वाटते: असा ट्रक गावात मिरवणे म्हणजे खाणमालकाचा विजयस्तंभ उभारणे आणि उठवलेल्या गावांच्या जखमेवर मीठ चोळणे.

आधी टायटन काय आहे ते सांगतो, कारण आक्षेपकांनी त्याला ‘धूड’ म्हणण्यापलीकडे काही सांगितलेले नाही. 1973 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, लंडन नावाच्या शहरी, जनरल मोटर्सच्या रेल्वे इंजिने बांधणाऱ्या कारखान्यात तो तयार झाला. अमेरिकी कंपनीचा ट्रक कॅनडात का? कारण मक्तेदारीच्या खटल्यामुळे जनरल मोटर्सला 1968 मध्ये आपली युक्लिड ही ट्रक कंपनी विकावी लागली होती आणि असे ट्रक अमेरिकेत बनवण्यास काही वर्षे मनाई झाली होती. ऑक्टोबर 1974 मध्ये लास व्हेगासच्या खाण प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. रिकाम्या ट्रकचे वजन 231 टन, आणि वर माल घ्यायचा जवळजवळ 317 टन. पोटात सोळा सिलिंडरचे, 3,300 अश्वशक्तीचे, चक्क रेल्वेचे डिझेल इंजिन. ते चाके थेट फिरवत नसे; त्यावर वीज तयार होई आणि त्या विजेवर मागच्या चाकांच्या मोटारी चालत. टायर दहा, एकेक पुरुषभर उंचीच्याही वर. सत्तरच्या दशकातल्या मंदीमुळे दुसरा टायटन बनलाच नाही. तरी 1998 पर्यंत त्याच्याहून मोठा ट्रक जगात नव्हता. 1934 च्या सुमारास युक्लिडने खाणकामासाठी खास ट्रक बांधायला घेतले तेव्हा दहा-पंधरा टन ही मोठी मजल वाटत होती. चाळीस वर्षांत माणूस तिथून कुठे पोचला, हे दाखवणारा हा एकुलता एक नग आहे.

आता किरकोळ आक्षेप. वय कमी म्हणता? दोन पिढ्यांनी एखादी वस्तू मोडीत काढली नाही, तरच ती तिसऱ्या पिढीच्या हाती प्राचीन होऊन पडते. खर्च म्हणता? विकायला शेकडो आहेत, राखायचा एक आहे. छायाचित्र पुरते म्हणता? पाटी उचलली की जे यंत्र 17 मीटर उंच होते, त्याचे छायाचित्र तळहातावर मावते, आणि नेमका तोच त्या छायाचित्राचा दोष आहे. इंजिन चालत नाही म्हणून टायटन टरफल ठरत असेल, तर छप्पर उरले नाही म्हणून रायगडावरच्या राजवाड्याला काय म्हणायचे, तेही एकदा सांगून टाका.

उरला विजयस्तंभ. या मुद्द्यावर मी सहजासहजी थांबणार नाही.

विजयस्तंभ आहे ना? मग विजेत्याचे नाव सांगा. मी शोधून पाहतो. टायटन पहिल्यांदा राबला तो कॅलिफोर्नियातल्या ईगल माउंटनच्या लोहखाणीत, कैसर स्टील या कंपनीसाठी. ती खाण 1948 मध्ये सुरू झाली आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. खाणीसाठी वाळवंटात वसवलेले गाव ओस पडले. कैसर स्टीलने 1987 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ईगल माउंटनचे लोखंड जिथे वितळायचे त्या फोंटानाच्या पोलाद कारखान्याचे भाग 1993 मध्ये एका चिनी कंपनीने विकत घेतले आणि सुटे करून चीनला नेले. म्हणजे खाण गेली, गाव गेले, कंपनी गेली, भट्टीसुद्धा समुद्रापार गेली. टायटन वाचला तो केवळ 1978 मध्ये त्याला उत्तरेला स्पारवुडच्या कोळसाखाणीत हलवले म्हणून.

तिथला मालक तरी जिंकला का? ती खाण पुढे वेस्टार मायनिंग या कंपनीकडे आली, आणि 1992 मध्ये वेस्टारचेही दिवाळे वाजले. ट्रक बनवणाऱ्यांचे पाहा. जनरल मोटर्सने टायटन ज्याच्या नावावर होता तो आपला टेरेक्स विभाग 1980 च्या दशकाच्या आरंभी एका जर्मन उद्योगसमूहाला विकला. तो समूह 1983 मध्ये कोसळला. खुद्द जनरल मोटर्सवर 2009 मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात उभे राहण्याची पाळी आली. आणि ज्या लंडनच्या कारखान्यात कामगारांनी टायटनची जोडणी केली, तो दुसऱ्या एका अवजड यंत्रांच्या बलाढ्य कंपनीकडे गेला. तिथे 2012 च्या पहिल्याच दिवशी मजुरी निम्म्यावर आणण्याच्या वादातून टाळेबंदी झाली आणि फेब्रुवारीत कारखान्याला कायमचे कुलूप लागले. साडेचारशेच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. विजयस्तंभ म्हणणाऱ्यांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. या एका ट्रकभोवती पराभूतांची एवढी गर्दी आहे की विजेत्याला उभे राहायला जागा नाही.

मीठ चोळण्याचे म्हणाल तर तिथेही आक्षेपकांनी माहिती घेण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. स्पारवुड हे गाव आपोआप वाढलेले नाही. शेजारी नेटल आणि मिशेल ही कोळसा कामगारांची जुनी गावे होती. कोळशाच्या काजळीने काळवंडलेली ती घरे महामार्गावरून जाणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेत भरू नयेत, हेही एक कारण देत 1960 च्या दशकापासून ती दोन्ही गावे उठवली गेली आणि माणसे स्पारवुडला आणून वसवली. तेव्हा टायटन ज्यांच्या दारात उभा आहे, ती माणसेच विस्थापितांची आहेत. त्यांच्या गावाने 1990 च्या दशकात, ट्रकचे काम संपल्यावर, तो ठेवून घेतला. उठलेल्या गावांच्या वतीने बोलण्याचा मक्ता आमच्या लेखकांना कोणी दिला, हे मला समजलेले नाही. स्पारवुडने तरी दिलेला नाही.

मुळात स्मरण म्हणजे स्तुती, हे समीकरणच खोटे आहे, आणि त्याने आपले नुकसान पूर्वीही केले आहे. गिरण्यांच्या वेळी हाच वाद झाला. साचे आणि चात्या जपून ठेवा, असे म्हणणाऱ्यांना तेव्हा ऐकवले गेले की गिरणी म्हणजे मालकांची लूट, तिचे कौतुक कशाला. शहाणे म्हणवणारे लोक हे बोलत होते, आणि त्यांच्या पाठीमागे भंगाराचे ठेकेदार वजनकाटे घेऊन उभे होते. नागपुरात 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. मुंबईत 1982 च्या संपाने मोडलेल्या गिरणगावात मॉल आणि मनोरे आहेत. क्वचित कुठे एखादी चिमणी शोभेपुरती राखली आहे. चिमणी राहिली, कारण ती दुरून छान दिसते. ज्या साच्यापुढे बाई-माणूस पाळीभर उभे राहिले, ज्याच्या खडखडाटाने कान गेले, तो साचा गेला. लूट झाली म्हणणाऱ्यांनीच लुटीचे हत्यार विकू दिले, आणि आज नातवंडांना लूट समजावून सांगताना त्यांच्या हातात दाखवायला काही नाही. हा वाद आम्ही तेव्हा हरलो. पुन्हा त्याच युक्तिवादाने हरण्याची माझी तयारी नाही.

चंद्रपूरच्या पट्ट्यात हे प्रकरण अधिक गंभीर आहे. दुर्गापूर घ्या, घुग्घुस घ्या, वणी, उमरेड घ्या: उघड्या खदानीत कोळशावरची माती आणि दगड आधी उचलावे लागतात, आणि त्या ‘ओबी’चे ढीग टेकड्यांसारखे बाहेर रचले जातात. ते काही जात नाहीत. कोळसा संपला की खड्ड्यात पाणी भरते, तोही तसाच राहतो. मग तिसऱ्या पिढीचा मुलगा विचारणार: एवढा डोंगर कोणी रचला, कशाने रचला, किती दिवसांत रचला? आकडा सांगून त्याला ते कळत नाही. टायटनची एक खेप दहा टनी टिपरांच्या बत्तीस खेपांएवढी होती, हे कागदावर वाचणे वेगळे आणि त्या पाटीखाली मान वर करून उभे राहणे वेगळे. ट्रक समोर असला की खड्ड्याचे माप हाताला लागते. ट्रक गेला की खड्डा निसर्गाचा वाटू लागतो, तलाव म्हणून त्याचे कौतुक सुरू होते, आणि ज्यांनी तो खणला त्यांची सुटका होते.

आणि ज्यांनी तो स्टिअरिंगवर बसून खणला त्यांचे काय? आपल्या खदानीतल्या जुन्या 35 टनी हॉलपॅक डंपरची केबिन पाहा. वातानुकूलन नाही, मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या घरात, खाली इंजिनाची धग, बाहेर कोळशाची धूळ, आणि खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर पाळीभर बसणारे हादरे. डंपर ऑपरेटरची कंबर कशाने गेली, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा ती सीट नीट सांगते. ही केबिन वितळवून टाकायची, आणि वर म्हणायचे की आम्ही पीडितांच्या बाजूचे! खाण बंद झाली की कंपनीला काय हवे असते? यंत्रांचा लिलाव व्हावा, फाइल बंद व्हावी, प्रश्न विचारायला जागेवर काही उरू नये. आमच्या नीतिमान लेखकांची मागणी शब्दशः हीच आहे. कंपनी हे सोयीसाठी मागते, ठेकेदार नफ्यासाठी मागतो, आणि हे तत्त्वासाठी मागतात. भट्टीत जाणाऱ्या लोखंडाला यातला फरक कळत नाही.

गोव्याचे उदाहरण जवळचेच आहे. 2012 मध्ये तिथल्या लोहखाणी थांबल्या आणि खनिज वाहणारे टिपर घरोघरी दारात उभे राहिले, कित्येकांच्या डोक्यावर कर्ज ठेवून. त्या टिपरांचा हिशेब गावाच्या सुखाचाही आहे आणि दुःखाचाही. तो एकाच बाजूने लिहिता येत नाही, आणि वाहन मोडीत निघाल्यावर तर कोणत्याच बाजूने नीट लिहिता येत नाही.

मग करायचे काय? मला सगळे डंपर नको आहेत. प्रत्येक जातीचा एक हवा. भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी 1964 मध्ये स्थापन झाली. अमेरिकी सहकार्याने तिने बांधलेल्या हॉलपॅक डंपरांनी आपल्या खदानी घडवल्या. त्यातला 35 टनी एक, 85 टनी एक, आणि बेलारूसमधून आलेल्या बेलाझपैकी एक, एवढे शेजारी शेजारी उभे राहिले तरी देशाच्या खाणकामाची अर्ध्या शतकाची वाढ लहान मुलालाही दिसेल. बेलाझने 2013 मध्ये 450 टनांचा ट्रक केला. तो वारसा त्यांच्या देशाने सांभाळावा, आपण आपला सांभाळू.

डंपर राखताना त्याला नवरीसारखा नटवू नये. पोचे, वेल्डिंगचे डाग, दगडांनी घासून पातळ झालेली पाटी तशीच ठेवावी. सोबत त्याची लॉगबुके आणि दुरुस्तीच्या नोंदी जपाव्यात. जे ऑपरेटर आणि फिटर अजून हयात आहेत त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. आणि फलकावर कंपनीच्या नावाबरोबर त्या खदानीसाठी उठलेल्या गावांची नावेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावीत. वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सने, पर्यटन महामंडळाच्या साथीने सावनेरकडे खाण पर्यटन 2016 मध्ये सुरू केलेच आहे. पाहुण्यांना बाग दाखवता येते, तर त्यांना डंपरही दाखवता येईल.

आमच्या लेखकांचा विरोध खाणींना असेल तर त्यांनी तो जरूर करावा. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर मी त्यांच्या शेजारी उभा राहीन. पण खाणीवर आरोपपत्र लिहिणाऱ्याने त्यातला मुद्देमाल आधी विकायला काढू नये. खदानीच्या वर्कशॉपमागे निकाली काढलेले डंपर लिलावाची वाट पाहत उभे असतात. पुढच्या लिलावाच्या यादीतून एक नग वगळावा, अशी मागणी त्यांनी आणि मी मिळून करावी, असे माझे त्यांना जाहीर आवाहन आहे. नाही केली, तर यापुढे विस्थापितांचे नाव घेऊन भंगाराची वकिली तरी करू नये.